सायकलव्रत : विधी, साहित्य आणि फलश्रुती

मार्गशीर्ष लागला, तापीकाठी धुकं उतरू लागलं आणि रक्ताचा रिपोर्ट वाचता वाचता डॉक्टरांनी चष्मा दोनदा पुसला, की व्रताची वेळ झाली असं समजावं. हे व्रत साठीच्या आसपासच्या स्त्री-पुरुषांनी मार्गशीर्षात धरावं आणि संक्रांतीपर्यंत सोडू नये. प्रस्तुत लेखकाने ते बुऱ्हाणपुरात एकसष्टाव्या वर्षी धरलं. त्याचा विधी लोककल्याणार्थ पुढे देत आहोत.

अधिकार. ज्याने कॉलेजला असताना काळ्या बावीस इंची सायकलवर शनवारा ते लालबाग फेऱ्या मारल्या, नोकरी लागताच हप्त्याने स्कूटर घेतली आणि ती सायकल भंगारवाल्याला देताना 'सुटलो' म्हटलं, त्याला हे व्रत विशेष फळतं. तेव्हा जी फुकट मिळत होती, ती दमछाक आता पैसे मोजून घ्यायची असते.

ज्यांना सायकल येतच नाही त्यांनीही भिऊ नये. टॉलस्टॉय सायकल शिकला तो ६७व्या वर्षी. फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांनी जानेवारी २०१७मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी, तासाभरात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. अर्थात ती बंदिस्त ट्रॅकवर, आणि तिथे केळीचे ट्रक नव्हते. आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू तर २०१५मध्ये अख्खी अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी करून आले. ही माहिती घरी मोठ्याने वाचून दाखवावी. "अहो, मग येताना दळण तेवढं घेऊन या," असं उत्तर आलं की व्रताला परवानगी मिळाली.

मुहूर्त. ब्राह्ममुहूर्तावर निघण्याचा मोह होतो, तो आवरावा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, आणि आपण मात्र शाळेतल्या पोरासारखे उभे राहून पायडल मारत असतो. म्हणून आधी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्यावी. सूर्य वर आल्यावरच निघावं आणि पहिली पंधरा मिनिटं वरातीच्या वेगाने जावं. तापीपलीकडच्या जैनाबादला जाऊन यायला हरकत नाही, पण घाईत तिथेच मुक्काम पडेल असं काही करू नये. १६३१ साली बुऱ्हाणपुरात वारलेल्या मुमताजमहललाही जैनाबादच्या बागेत सहाच महिने ठेवलं. डिसेंबरात तिला आग्र्याला नेलं. आपल्यासाठी एवढी धावपळ कोण करणार?

साहित्य. गिअरची सायकल एक. टायर तलवारीच्या पात्यासारखे बारीक नकोत. आपल्या रस्त्यांना ३२ मिलिमीटरचे तरी हवेत. सीट एवढी उंच ठेवावी, की टाच पायडलवर ठेवून ते खाली नेलं तर गुडघा सरळ व्हावा. सीट खाली ठेवून गुडघे हनुवटीला लावत चालवणारे पुढे वैद्यांच्या दारी दिसतात. महागड्या सायकलीचा बारीक वॉल्व्ह कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या पंपाला बसत नाही. त्याची छोटी पितळी टोपी शर्टाच्या खिशात ठेवावी; नाही तर तो वॉल्व्हकडे, मग आपल्याकडे पाहतो आणि काहीच बोलत नाही.

याखेरीज मागे लाल दिवा, डोक्याला हेल्मेट आणि त्याखाली पातळ कानटोपी. लाजू नये. थंडीत बागायतदार केळीच्या घडालाही पिशवी घालतात. आपण तर निवृत्त माणसं. गादीची चड्डी मात्र पँटच्या आत घालावी. ती बाहेरून घालून गांधी चौकात एकदा उभं राहिल्यावर पुढची दहा वर्षं लोक दुसऱ्या कशावरून ओळखत नाहीत.

विधी. पहिल्या आठवड्यात कुंडी भंडाऱ्यापर्यंत जावं. अब्दुर्रहीम खानखानाच्या सुभेदारीत, १६१५च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरात आणलं. पंप नाही, मोट नाही, निव्वळ उतार. सातपुड्याकडून शहराकडे उतार आहे हे पाण्याला चारशे वर्षांपूर्वी कळलं. आपल्याला ते जाताना मांड्यांना कळतं.

महिनाभराने असीरगडाचा रस्ता धरावा. अंतर वीसेक किलोमीटर, चढ समोर आणि हिवाळ्यात उत्तरेचा वाराही समोरून. वाऱ्याशी भांडू नये. वेग दुप्पट केला तर त्याचा विरोध चौपट होतो. हे गणित घरातल्या वादांनाही लागू आहे. गिअर हलका करावा, मान खाली घालावी आणि परतीच्या उताराचं स्मरण करावं. तरीही घाटात पाय थांबले तर इतिहास आठवावा. असीरगड अकबरालाही लढून मिळाला नाही. १६०१मध्ये त्याने तो सोन्याच्या किल्लीने उघडला असं म्हणतात. आपणही पिकअपवाल्याला हात करावा, सायकल मागे टाकावी आणि किल्ली किती हे आधी ठरवून घ्यावं.

नैवेद्य. दोन्ही बाजूंना मैल मैल केळी, आणि पोटात भूक. पण बागेतला घड हिरवाकच्च असतो. तो ट्रकने दूर जाऊन, वखारीत पिकून मगच कुणाच्या तरी तोंडी लागतो. म्हणून केळीच्या जिल्ह्यातही सायकलवाल्याने केळं बाजारातून विकत घेऊनच निघावं. परतताना मावा जिलेबीच्या कढईसमोरून जाऊ नये. गेल्यास थांबू नये. थांबल्यास एकच खावी. दुसरीचा उल्लेख वहीत करू नये. रविवारी कुणाच्या शेतात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी असेल, तर त्या दिवशी व्रत सुटतं असं शास्त्र आहे. ते आम्हीच लिहिलं.

विघ्ने. कुत्री, खड्डे, उसाच्या ट्रॉल्या ही किरकोळ विघ्नं. महाविघ्न एकच : "काय काका, गाडी बंद पडली?" साठीचा माणूस बुऱ्हाणपुरात सायकलवर दिसला की दूधवाल्यापासून माजी साहेबांपर्यंत सगळे हेच विचारतात. "व्यायाम" म्हटलं तर डॉक्टरचं नाव विचारतात, "हौस" म्हटलं तर मुलाचा नंबर मागतात. हसून पुढे जावं.

यातही एक जण रोजचा. पॉवरलूमची रातपाळी संपवून तो घरी परतत असतो. तीच काळी बावीस इंची सायकल, मडगार्ड खडखडतंय, कॅरिअरला डबा, अंगात जुना स्वेटर; हेल्मेट नाही, गिअर नाही, वय आमच्याहून फार कमी नाही. आठ तास मागाजवळ उभं राहून आलेला हा माणूस आमच्या एकवीस गिअरच्या सायकलला चढावर मागे टाकतो आणि जाता जाता मनापासून काळजीने विचारतो, "गाडी बंद पडली का, काका?" यावर विधी सापडलेला नाही.

उद्यापन. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात गुडघा धरला म्हणून आम्ही दोन दिवस गेलो नाही. तिसऱ्या दिवशी चढावर मागून तोच खडखडाट आला. शेजारी आल्यावर त्याने पायडल थांबवलं.

"दोन दिवस दिसला नाहीत, काका?"

आम्ही गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "गाडी बंद पडली होती."