पोराला कॉम्प्युटरला घालायचंय

संगणकाला शून्य आणि एक एवढेच अंक कळतात. तो शिकायला मात्र पर्सेंटाइल लागतो, तोही दशांश चिन्हापुढे सात घरांपर्यंत. निकालाच्या दिवसांत बोईसर स्टेशनाबाहेर रिक्षाच्या रांगेत उभे असलेले पालक ही सातही घरं तोंडपाठ म्हणून दाखवतात. पोराचं वय विचारलं तर बायकोकडे बघतात.

'पोराला कॉम्प्युटरला घालायचंय' एवढं दहावीपासून ठरलेलं असतं. घालायचं कुठल्या दारानं, हे मात्र ठरत नाही. पालघरला सेंट जॉन, बोईसरला थीम ही अभियांत्रिकी महाविद्यालयं, साध्या पदवीसाठी सोनोपंत दांडेकर महाविद्यालय, विक्रमगडला शासकीय तंत्रनिकेतन. यंत्र सगळीकडे तेच, पण प्रत्येक दाराची किल्ली निराळी.

अभियांत्रिकीचं दार सर्वात मानाचं. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. तिसरा विषय मात्र जीवशास्त्रही चालतो, रसायनशास्त्राची सक्ती नाही. मुलगा खूश होतो आणि एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरायला बसतो. तिथं 200 गुणांपैकी 50 गुण रसायनशास्त्राचे! म्हणजे पात्र व्हायला रसायन नको, पण जागा मिळवायला हवं. तारापूर एमआयडीसीच्या वाऱ्यावर वाढलेल्या पोरानं रसायनशास्त्र नाकानं पुरेसं घेतलेलं असतं. त्याचे गुण सीईटी सेल धरत नाही.

ज्याला एवढं झेपत नाही तो बी.एस्सी. आयटी आणि बी.सी.ए. यांच्यात अडकतो. दोन्ही संगणकाच्याच पदव्या, पण स्वभाव सख्ख्या जावांसारखे. मुंबई विद्यापीठाच्या आयटीला बारावीत गणित हवं, सीईटी नको. बी.सी.ए.ला बारावीची कुठलीही शाखा चालते, पण सीईटी हवी. हे 2024 पासूनचं. त्या वर्षी एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेनं बी.सी.ए., बी.बी.ए., बी.एम.एस. आपल्या पंखाखाली घेतले आणि राज्यानं त्यांच्यासाठी सामायिक परीक्षा आणली. या परीक्षेच्या 100 प्रश्नांत इंग्रजीचे 40 आणि संगणकाच्या प्राथमिक माहितीचे 15. त्या हिशेबानं पोराला इंग्रजीच्या प्राध्यापकांकडेच पाठवायला हवं. पहिल्या वर्षी जागांच्या मानानं परीक्षार्थी इतके कमी आले की सीईटी पुन्हा घ्यावी लागली. मुंबईतल्या काही महाविद्यालयांनी त्याहून सोपी वाट काढली: बी.एम.एस.ची पाटी उतरवून बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज) अशी पाटी लावली. अभ्यासक्रमाचं बारसं पुन्हा झालं आणि सीईटी टळली.

आयआयटीकडे बघावं, तर तिथंही एकवाक्यता नाही. पवईच्या आयआयटीत संगणकाला खुल्या गटातून शिरायचं तर जेईई अॅडव्हान्स्डमध्ये देशात पहिल्या सत्तरच्या आसपास नाव हवं. मद्रासच्या आयआयटीनं 2020 मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम जाहीर केला. त्याला जेईई लागत नाही, वयाची अट नाही, बारावीची शाखा कोणतीही चालते. दहावीला गणित आणि इंग्रजी असलं की पुरे. आधी चार आठवडे शिकवतात आणि मग त्यावर परीक्षा घेतात. शिकवून मग परीक्षा घ्यायची, ही पद्धत आपल्याकडे इतकी अपरिचित आहे की पालकांना त्यात काहीतरी गोम वाटते. 'एवढं सोपं असेल तर त्याला किंमत काय?' असं म्हणून ते सीईटीच्या क्लासची फी भरून मोकळे होतात.

आता विक्रमगडचं दार. दहावीला 35 टक्के पडले की डिप्लोमासाठी अर्ज करता येतो, सीईटी नाही. तीन वर्षांनी डिप्लोमाच्या गुणांवर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तिथंही सीईटी नाही. शेजारचा पोरगा तोवर अकरावी, बारावी, क्लास, सीईटी, कॅपच्या प्रवेशफेऱ्या आणि इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष उरकून आलेला असतो. हिशेब केला तर दोघांनाही दहावीनंतर तीनच वर्षं लागली. दोघं एकाच बाकावर बसतात. डिप्लोमावाल्यानं प्रोग्रॅमिंग सोळाव्या वर्षीच सुरू केलेलं असतं, आणि सीईटीवाला सबमिशनच्या आदल्या दिवशी त्याचीच जर्नल मागून नेतो.