पुळणीचा कायदा, सड्याचा कायदा

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेला हौशी पाहुणा नवीकोरी गाडी थेट पुळणीत घालतो. भरती चढते, चाकं रुततात आणि कायदा एकदम मऊ होतो: "साहेब, जरा मागे घेता का?" मग दोरखंड, ट्रॅक्टर, वाडीतली चार पोरं. झालाच तर किरकोळ दंड, तोही हसतखेळत.

याच जिल्ह्यात, राजापूरच्या बारसूला २०२३ च्या एप्रिलात रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. तिथल्या बायका रणरणत्या उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यांना कुणी 'मॅडम' म्हटल्याचं ऐकिवात नाही. २८ एप्रिलला सड्यावर अश्रुधुराच्या नळकांड्या फुटल्या. लोकांनी अंगावरचे वळ दाखवले. सरकारी बाजूने मात्र लाठीमार झालाच नाही म्हणून सांगितलं. खरंच असेल. बारसूत कातळशिल्पं आहेत, तसे हे वळही प्राचीन असावेत. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणची कातळशिल्पं आहेतच, चार पाठी आणखी घालायला काय हरकत आहे?

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाविरोधातल्या आंदोलनाच्या वेळी, एप्रिल २०११ मध्ये, साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. त्यावर विनोद सुचत नाही.

बाकी संविधानाचं कलम १४ रत्नागिरीतही लागू आहे. पुढ्यातला माणूस पर्यटक की प्रकल्पग्रस्त, एवढंच हवालदाराला आधी वर विचारावं लागतं.