गोल दिव्यांचा कैवार

१९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम प्रकट झालेल्या पोर्शे ९११ या मोटारीचे दोन वाटोळे दिवे १९९७ साली जेव्हा स्थानभ्रष्ट झाले आणि त्यांच्या जागी, वळणाचा नारिंगी दिवाही उदरात सामावून घेणारी, तव्यावर बलक ओघळलेल्या अंड्यासारखी दिसणारी काचपेटी बसविण्यात आली, तेव्हा तिच्या उपासकांनी जो आक्रोश केला तो सर्वथैव स्तुत्य होता. इंजिन वाऱ्याऐवजी पाण्याने थंड होऊ लागले, हे पातक त्यांनी कदाचित गिळलेही असते. परंतु तोच दिवा बॉक्स्टर या स्वस्त धाकटीच्याही कपाळी असावा, हा कुळाला बट्टा होय!

अशा निष्ठेला कायदेशीर अधिष्ठान हवे. आमची नम्र सूचना अशी की, यापुढे स्टुटगार्टच्या कारखान्याने मोटारीचा साधा खिळाही बदलण्यापूर्वी या भक्तमंडळाकडे रीतसर अर्ज गुदरावा, मंडळाने हरकती मागवाव्यात, आणि ज्याने उभ्या हयातीत एकही नवी मोटार खरेदी केलेली नाही अशा फिर्यादीचे मत, ते निःस्वार्थ म्हणून, दुप्पट धरावे. खरेदीदारास मताधिकार नसावा. पैसे मोजलेला मनुष्य पक्षपाती असतो.

२००४ साली वाटोळे दिवे सन्मानपूर्वक पुनःस्थापित झाले. ते पूर्वी तेजाने तळपत असताना, १९९० नंतरच्या दोनचार वर्षांत, कारखान्याचे दिवाळे निघण्याची वेळ आली होती आणि अंड्याच्या अमदानीत तो भरभराटीस आला, हा तपशील मंडळाच्या दप्तरी आढळत नाही. दप्तरी आहे तो नवा अर्ज : १९९७च्या त्या अस्सल, परंपरागत दिव्यांना यापुढे कोणी हात लावू नये.