तालुक्यातला पाणीदार संगणक

संगणक, पडदा, कळफलक आणि त्यांच्यामागे कसोशीने लपवलेल्या वायरी (दिसणारी वायर हा कुळाला बट्टा मानला जातो) यांच्या टेबलावरील मांडणीला हौशी मंडळी ‘सेटअप’ म्हणतात, आणि तिचे छायाचित्र व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर झळकल्याशिवाय तिची प्राणप्रतिष्ठा पूर्ण होत नाही. ही हौस मुंबई-पुण्यापुरतीच आहे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी शहापूर तालुक्यातील आटगावला उतरून तानसा परिसरातील एखाद्या घराची माडी पाहावी. खाली पडवीत भाताची पोती आणि इरली, तर वर काचेचे कॅबिनेट, ज्यातील दिवे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांच्या प्रत्येकी 256 छटा मिसळून 1,67,77,216 रंग दाखवू शकतात. प्रत्यक्षात मात्र बारमाही जांभळाच लावलेला असतो.

या मांडणीचा मुकुटमणी म्हणजे जलशीतन. काम करताना प्रोसेसर तापतो, आणि पाणी हे तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा 3,000 पटींहून अधिक उष्णता वाहून नेत असल्याने, प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या ठोकळ्यातून पाणीमिश्रित द्रव पंपाने खेळवतात, जो नळीवाटे रेडिएटरमध्ये जाऊन निवतो आणि परत येतो. शहापूर तालुक्यात या यंत्राला निराळेच तेज चढते. 1892 मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणाचे पाणी जाडजूड जलवाहिन्यांतून मुंबईला जाते, पुढे भातसाचेही जाऊ लागले, आणि याच तालुक्यातील कित्येक गावपाडे मात्र एप्रिल-मे महिन्यांत टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. त्यामुळे वीज असेतोवर अखंड आणि योग्य दाबाने पाणीपुरवठा होणारा तालुक्यातील भाग्यवान रहिवासी म्हणजे हा प्रोसेसरच होय. नातू हे सारे तत्त्व उत्साहाने समजावून सांगतो, आणि कमरेवर हंडा घेऊन उभी असलेली आजी “ह्याला बरं जाग्यावर मिळतं,” एवढाच तांत्रिक अभिप्राय नोंदवून पुढे जाते.

किंमत हा या शास्त्रातील सर्वांत नाजूक भाग. लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, खोके कसारा लोकलने घरी आणेपर्यंत तिचे दोन आकडे तयार झालेले असतात: वडिलांना सांगायचा निम्मा, मित्रांना सांगायचा सवाई. “एवढ्याचं करतोस काय?” या प्रश्नाला ‘व्हिडिओ एडिटिंग’ हे उत्तर दिले जाते. प्रत्यक्षात गेम खेळून उरलेल्या वेळात या यंत्रावर शेजाऱ्यांचे सातबारे, म्हणजे जमिनीचा ताबा आणि पीकपाणी दाखवणारे उतारे, काढले जातात, आणि त्या कामाला जुना खटारा संगणकही पुरला असता, हे उतारा घ्यायला आलेल्या काकांनाही ठाऊक असते. पण छापील कागद जांभळ्या उजेडात हातात पडला की तेही दोन मिनिटे जास्त थांबतात.

अशा घरी पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनी सेटअपचे मनापासून कौतुक करावे, किंमत वडिलांसमोर विचारू नये आणि चहाचा कप कृपया त्या टेबलावर ठेवू नये.