अर्ध्या गुणाची मारामारी

स्विस लीगच्या स्पर्धेत पहिल्या दोन-तीन पटांभोवती गर्दी असते. शेवटच्या पटांकडे फक्त पंच फिरकतात, तेही ‘अजून चाललंय का?’ हे बघायला. खरी करमणूक मात्र तिथेच असते.

अशाच एका पटावर पांढऱ्या बाजूला बँकेतून निवृत्त झालेले काका, काळ्या बाजूला पाचवीतली मुलगी. ‘कितवीत आहेस बाळ?’ असं विचारतच काकांनी हात मिळवला. तिनं उत्तर दिलं आणि सहाव्या चालीला त्यांचं प्यादं मारलं. पुढे तिनं एक घोडा फुकट सोडला. काकांनी तो घेतला आणि लगेच हत्ती देऊन परतफेड केली. बँकेचे संस्कार!

ग्रँडमास्टरांची बरोबरी वेगळी. १९८४-८५च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्पोव्ह-कास्पारोव्ह यांचे ४८ पैकी ४० डाव बरोबरीत सुटले, आणि अखेर फिडेचे अध्यक्ष कॅम्पोमानेस यांनी निकालाविनाच लढत गुंडाळली. इथे दोघांच्या चुका समसमान झाल्या की बरोबरी.

मध्येच घाबरून काकांनी ड्रॉ विचारला, तोही ती विचारात असताना. नियम असा की आधी चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. दुसऱ्यांदा विचारल्यावर तिनं हात वर केला. आयुष्यभर कर्जदारांना समज देणाऱ्या काकांना पंचांनी समज दिली.

शेवटी काकांकडे उंट आणि एच-पट्टीतलं प्यादं उरलं, तिच्याकडे नुसता राजा. खिडकीबाहेर तिच्या वडिलांनी आशा सोडली. पण उंट पांढऱ्या घरांचा, आणि प्याद्याचा वजीर व्हायचं घर, एच ८, काळं. राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की कार्लसनलाही तो हुसकावता येत नाही. मुलगी राजा तिथे नेऊन बाटलीच्या झाकणाशी खेळत बसली.

काकांना हे ठाऊक नव्हतं. १९८९ साली बेलग्रेडला निकोलिच आणि आर्सोविच २६९ चाली खेळले होते आणि शेवटी बरोबरीच झाली होती. हा डावही त्याच वाटेला लागला. प्यादं न हलता, काही न मारता दोघांच्या ५०-५० चाली झाल्या की ड्रॉ मागता येतो, म्हणून मुलगी स्कोअरशीटवर बोट ठेवून मोजत होती. तेवढ्यात वैतागलेल्या काकांनी, राजा जी ६वर असताना, प्यादं एच ७ला ढकललं. तिच्या राजाला शह नाही, पण जायला घरही नाही. स्टेलमेट!

बाहेर चहा घेताना काका मित्रांना म्हणाले, ‘जिंकलेला डाव होता. लहान पोर म्हणून सोडला.’

‘आजोबा,’ मागून आवाज आला, ‘काळ्या घरांचा उंट ठेवला असतात ना, तर जिंकला असतात. पट लावून दाखवू?’

मित्रांनी लगेच कप बाजूला सरकवून जागा केली. काकांना मात्र पुढच्या फेरीचं पेअरिंग बघायचं होतं, आणि तेही ताबडतोब.