अप्सरेचा दुसरा भाग

सिनेमाला लागणारा सगळा माल आमच्या सोयगाव तालुक्यात तयार आहे. अजिंठ्याची लेणी आमच्या हद्दीत, वाघूर नदी आमची, पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर आमचे. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आलेला रॉबर्ट गिल हा इंग्रज अधिकारी आणि त्याची पारो, अशी प्रेमकथाही आहे. पारोची कबर तेवढी अजिंठा गावात, म्हणजे सिल्लोड तालुक्यात गेली. त्याचा राग आमच्या काही लोकांना अजून आहे.

२०१२ साली महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यावर नितीन चंद्रकांत देसाई यांनी सिनेमा काढला आणि पारो झाली सोनाली कुलकर्णी. झालं! २०१० च्या १ जानेवारीला ‘नटरंग’ आला होता आणि तेव्हापासून आमच्याकडचे बँडवाले त्यातल्या ‘अप्सरा आली’ या गाण्यावर पोट भरत होते. थोरल्या काकांनी पारावर जाहीर करून टाकलं, “हा अप्सरेचा दुसरा भाग.” दिग्दर्शक वेगळा, गोष्ट वेगळी, काळ वेगळा, पण नाचणारी तीच म्हटल्यावर काकांच्या लेखी बाकी सगळं किरकोळ.

काळी-पिवळी भरून आम्ही जिल्ह्याच्या गावाला गेलो. पडद्यावर गिलसाहेबानं कुंचला हातात घेतला की काका उसासा टाकायचे. “हा रंगवतच बसला तर ती नाचल कधी?” थोड्या वेळानं, “ढोलकी कुठंय?” कौशल इनामदारांचं संगीत, महानोरांचे शब्द, सगळं कानावर पडत होतं; पण ढोलकीची वाट पाहणाऱ्या कानात दुसरं काही शिरत नाही. वहिनींचं वेगळंच. त्या नायिकेच्या मागच्या डोंगरात फर्दापूरचा रस्ता शोधत होत्या. शेजारच्या खुर्चीवरचा आमचाच गाववाला दर पाच मिनिटांनी “हे आपल्याकडचं झाड नाही” असा निकाल देत होता.

बाहेर आल्यावर काका म्हणाले, “फसवलं.” कोणी फसवलं, ते काही सांगता येईना. दुसरा भाग काढतो असं कोणी कबूलच केलं नव्हतं. तो आमच्या पारावर निघाला आणि पारावरच पडला.

मला वाटतं, दुसरा भाग काढतो निर्माता, पण त्याची ऑर्डर आपण दिलेली असते. आपल्याला तेच हवं असतं, पण नवं. तेच दिलं तर “यात नवीन काय?” आणि नवं दिलं तर “पहिल्यासारखं नाही.” ‘नटरंग’वाल्या रवी जाधवांनी त्या अप्सरेच्या वाटेला पुन्हा जाण्याऐवजी ‘टाइमपास’ काढला, २०१४ साली. पुढच्याच वर्षी आला ‘टाइमपास २’. त्यात नायक दगडू मोठा झालेला, म्हणून प्रथमेश परबच्या जागी प्रियदर्शन जाधव, आणि नायिका प्राजक्ता केतकी माटेगावकरची झाली प्रिया बापट. काका खवळले. “सव्वा वर्षात माणूस इतका बदलतो? माझ्याकडून उसने पैसे नेलेला माणूससुद्धा इतका अनोळखी होत नाही.” २०२२ मध्ये ‘टाइमपास ३’ आला आणि प्रथमेश परब परतला, तर काका म्हणाले, “आता याचं वय मागं कसं गेलं?”

खरं तर दुसऱ्या भागाचं नशीब आमच्या तालुक्यानं सिनेमाच्या कितीतरी आधी पाहून ठेवलंय. गिलनं वर्षानुवर्षं लेण्यांत बसून चित्रांच्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग भाग दोन: मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून त्याच भिंतींसमोर बसले. नकला पुन्हा लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्याही कितीतरी जळाल्या. कलाकार नवे, कथा तीच, शेवटसुद्धा तोच. याला म्हणतात पहिल्या भागाशी इमान.

पुढचा भाग आमच्या डोळ्यांदेखत आला. २०१३ साली फर्दापूरच्या टी-पॉइंटजवळ पर्यटक केंद्र उघडलं. त्यात १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती होत्या. खरी लेणी तिथून चारेक किलोमीटरवर! पुढं वीज-पाण्याची बिलं थकली आणि केंद्र बंद पडलं. आधीचे दोन भाग आगीनं खाल्ले, हा बिलानं.

शेवटी काकांना मी खऱ्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात नेलं. तिथं महाजनक जातकाची चित्रं आहेत. नर्तकी अंगाला बाक देऊन नाचतेय, शेजारी बायका बासऱ्या वाजवताहेत. राजाचं मन मात्र संसारातून उठलंय. पुढच्या चित्रात तो घोड्यावर बसून निघालासुद्धा. नाच, प्रेम आणि शेवट असं सगळं चित्रकारांनी दीड हजार वर्षांपूर्वी एका भिंतीवर उरकून टाकलं. म्हटलं, बघा, पुढच्या भागाला जागाच ठेवलेली नाही.

काका बराच वेळ नर्तकीकडे पाहत राहिले. मग गाईडला म्हणाले, “राजा परत येतो का?”

“नाही.”

“मग हिचं पुढं काय झालं?”

“ते काही दाखवलेलं नाही, बाबा.”

“मग काढा की दुसरा भाग,” काका म्हणाले. “फक्त या खेपेला ढोलकी घ्या.”