शिवलेली होडी

लंडनच्या ‘डेली मिरर’ या वर्तमानपत्राने १९६३ साली वाचकांसाठी एक होडी काढली. जेमतेम अकरा फुटांची, लाल शिडांची आणि संपूर्ण सुटी. त्रेसष्ट पौंड अकरा शिलिंग मोजायचे, प्लायवुडचे कापीव तुकडे घरी आणायचे, नकाशा पसरायचा आणि होडी आपली आपण बांधायची. ती बेतणाऱ्या दोघांपैकी जॅक होल्ट हे होड्यांचे जाणकार, तर बॅरी बकनेल टीव्हीवर लोकांना घरची सुतारकी शिकवणारे. म्हणजे एकाला पाणी ठाऊक, दुसऱ्याला दिवाणखाना. पुढे अशा सत्तर हजारांवर होड्या झाल्या. होडीची रुंदी साडेचार फुटांच्या वर आणि दाराची, कुठल्याही देशात, त्याहून बरीच कमी. तेव्हा समुद्राकडे निघालेली कितीतरी गलबतं आधी उंबरठ्यावर कुशीवर वळली असणार.

मला मात्र दारापेक्षा त्या तारेचं कौतुक. ही होडी ठोकायची नाही, शिवायची. फळ्यांच्या कडांना भोकं पाडायची, त्यांतून तांब्याच्या तारेचे तुकडे ओवायचे आणि पकडीने पीळ द्यायचा. तोवर जमिनीवर आळसावून पडलेल्या फळ्या एकेका पिळासरशी अंग सावरून उठतात. सपाटाला हळूहळू पोट येतं. मग सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. माझी आत्या असाच ब्लाउज बेतायची, तोही वर्तमानपत्रावरच. अग्रलेखातून पाठ निघायची, छोट्या जाहिरातींतून बाह्या. जमिनीवर पसरलेल्या त्या बातम्यांत माणूस कुठे मावणार, असं मला वाटायचं. आत्याला तो आधीच दिसत असायचा. ओठांत टाचण्या धरून ती गप्प बसायची, आणि घरात तेवढा वेळ शांतता नांदायची.

अरबी समुद्राला या शिवणकामाचं नवल नाही. खिळे न मारता काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेली जहाजं त्याने शतकानुशतकं वागवली. ती विद्या जवळजवळ विसरल्यावर आपल्या नौदलासाठी गोव्यात ‘कौंडिण्य’ शिवलं गेलं. टाके केरळच्या बाबू शंकरन यांच्या कारागिरांचे. २०२५च्या डिसेंबरात ते पोरबंदरहून निघालं आणि शिडांवर मस्कतला पोचलंही. पण त्याला नकाशा कुठला? अजिंठ्याच्या भिंतीवरचं पाचव्या शतकातलं एक चित्र, बस्स. चित्रकाराने डोलकाठ्या दिल्या, वल्ही दिली, फूट-इंच काही दिले नाहीत. आत्याकडेही बायका मापं सांगू लागल्या की ती हात झटकायची, “आकडे नकोत गं, मापाला जुना ब्लाउज दे.” इथे मापाला आलेला ब्लाउज दीड हजार वर्षांचा, आणि तोही भिंतीवरून काढून न्यायची सोय नाही.